नवघरच्या नाक्यावरचा दुसरा हिग्ज

दुसरा हिग्ज बोसॉन जगात सर्वात आधी कुठे सापडला असेल, तर तो भाईंदर पूर्वेला, नवघरच्या नाक्यावर, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर. फ्लेक्सवर मी पदवीदानाच्या झग्यात हसत होते. शेजारी काकांचा हात जोडलेला फोटो होता, अर्थातच माझ्याहून मोठा. खाली लाल अक्षरं होती: 'नवघरची सुकन्या! विश्वातील दुसरा हिग्ज कण शोधून गावाचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ व मित्रपरिवार.' कोपऱ्यात एक रॉकेटही उडत होतं. रॉकेटचा इथे काय संबंध, हे मी फ्लेक्सवाल्याला अजून विचारलेलं नाही.

अडचण एवढीच होती की दुसरा हिग्ज सापडला नव्हता. म्हणजे सापडलाय की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच, आणि मला ते माहीत नसण्यावरच माझी चार वर्षांची मेहनत उभी होती.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही काकांसारखंच कराल.

पहिला हिग्ज सापडला तेव्हा मी बारावीत होते. युरोपात जमिनीखालच्या गोल बोगद्यात प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात आणि त्या ढिगाऱ्यात नवीन काय निघतंय ते बघतात. तिथे तो निघाला. मूलभूत कणांना वस्तुमान कसं मिळतं, या कोड्याचा राहिलेला तुकडा हाती आला आणि सगळं जग नाचलं. मग हळूहळू प्रश्न सुरू झाले, की हा एकटाच आहे का? काही सिद्धांत म्हणतात, एकटा नाही, ही पाच भावंडं आहेत. त्यातली काही याच्याहून जड असतील, दोघांवर विद्युतभारही असेल. आमच्या घरात ही गोष्ट पटकन पटली, कारण बाबा आणि त्यांची भावंडं मिळून पाचच.

त्यातल्या एका जड भावंडाच्या मागे मी होते. तो तयार झालाच तर क्षणात फुटतो, आणि कधीकधी त्यातून टाऊ नावाचे दोन कण निघतात. म्हणून आपण टाऊंच्या जोड्या शोधायच्या. पण ढिगारा मोठा बिलंदर असतो. त्यात टाऊसारखं दिसणारं, पण टाऊ नसलेलं बरंच काही निघतं. हे खोटे टाऊ नेमके किती असतील, याचा हिशोब बसवणं हे माझं काम. हिशोबापेक्षा जोड्या जास्त निघाल्या तर काहीतरी नवीन आहे. आधीच्या आकडेवारीत एका ठिकाणी आलेखाला बारीकसा उंचवटा आला होता. छाती ठोकून सांगावं इतका मोठा नव्हता, पण दुर्लक्ष करावं इतका लहानही नव्हता. त्या उंचवट्यावर जगभरातल्या लोकांनी निबंधांचे गठ्ठे लिहून ठेवले होते. आता नवी, कितीतरी जास्त टकरींची आकडेवारी आली होती. उंचवटा एकतर वाढणार होता, नाहीतर सपाट होणार होता. ते मी सांगायचं होतं.

आणि इथेच आमच्या धंद्यातला तो नियम येतो. ज्या भागात कण असू शकतो तो भाग बंद ठेवायचा, बघायचा नाही. त्याला आम्ही डबा म्हणतो. मन लबाड असतं. उत्तर दिसलं की ते गणिताला उत्तराच्या दिशेने नकळत ढकलायला लागतं. म्हणून सगळी पद्धत इतर आकड्यांवर घासूनपुसून घ्यायची, परीक्षकांच्या शंका फेडायच्या, पद्धत गोठवायची, आणि मग सगळ्यांसमोर एकदाच डबा उघडायचा. आधी डोकावलं की तपासणी बाटली.

डबा उघडायला एक आज्ञा टाइप करावी लागते, बस्स. माझा लॅपटॉप चार वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर होता. बोगद्यातला कोलायडर तिकडे, मी इकडे, हे आता सगळीकडेच चालतं. आईला मी सांगितलं होतं की यातलं काही बघायचं नसतं, तर बाबा ते ऐकून टेबलाजवळून जाताना तोंड फिरवून जायला लागले. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस, नियम म्हणजे नियम. मोह मलाच झाला होता. एका दुपारी सगळं घर हळदीला गेलेलं, आणि मी ती आज्ञा अर्धी टाइप करून बसले. जीव नुसता वळवळत होता. मग खोडली, उठले आणि मशीनमधले कपडे वाळत घातले.

तर फ्लेक्स लागायच्या आदल्या आठवड्यात परीक्षक राजी झाले. जेवताना मी घरी सांगितलं, "येत्या गुरुवारी डबा उघडायची परवानगी मिळाली." काका त्या वेळी आमच्याकडेच जेवत होते. आमच्या जुन्या घराच्या जागी इमारत झाली, तेव्हापासून ते वरच्या मजल्यावर राहतात, जेवायला मात्र खाली येतात. त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक भाकरी घेतली. मला शंकासुद्धा आली नाही.

यायला हवी होती. आमच्याकडे काम आधी होत नाही, फ्लेक्स आधी लागतो. अभिनंदन आधी, निकाल नंतर. भूमिपूजनाचे आभार आधी, भूमी नंतर. यात कुणी खोटं बोलतंय असं कुणालाच वाटत नाही. उलट, माणसाने आपल्या बाजूने तयारी ठेवली, असं समजतात. आणि काका या बाबतीत नवघरातले गुरुवर्य. परवानगी मिळाली म्हणजे आत काय आहे ते ठरलेलं असणार, नाहीतर उघडण्याचा कार्यक्रम कशाला कोण ठेवेल, असा त्यांचा सरळ हिशोब होता. सोमवारी सकाळी मी नाक्यावर दूध आणायला गेले, तर दुकानदार शेठ पिशवी देता देता म्हणाले, "बेटा, दूसरा वाला भी मिल गया? बहुत बढ़िया." मी वर पाहिलं. मी वरून माझ्याकडे बघून हसत होते.

पहिल्यांदा मलाही हसूच आलं. हसत हसत घरी आले आणि चहा टाकला.

दुपारपर्यंत हसू जिरलं. माझ्या चुलत बहिणीने फ्लेक्सचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता, वर इंग्रजीत भाषांतरासकट. शेजारच्या मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात राहणारा एक सहकारी आमच्याच प्रयोगात काम करतो. त्याने तो आमच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ढकलला, गंमत म्हणून. तिकडच्या लोकांचा सकाळचा चहा व्हायच्या आत तो आमच्या गटाच्या समन्वयक बाईंपर्यंत पोचला. त्यांची मेल आली. मेलमध्ये एकही कडक शब्द नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. परवानगीआधी कुणी आकडेवारी पाहिली होती का? बुधवारच्या बैठकीत खुलासा व्हावा. तोवर डबा उघडणं स्थगित.

याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी डोकावले असं ठरलं, तर ही तपासणी माझ्याकडून काढून दुसऱ्यांना देणार. ते शून्यापासून सुरू करणार. माझी पीएचडी त्या डब्यासकट जाणार, आणि मागे नाव राहणार ते डोकावणारी म्हणून. या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा हा शिक्का बसला की धुऊन निघत नाही.

माझे मार्गदर्शक सर फोनवर अतिशय शांतपणे म्हणाले, "फलकावर तुझाच फोटो आहे?"

"माझाच आहे, सर."

"झग्यात?"

"झग्यात."



मी तणतणत काकांच्या ऑफिसात गेले. काकांचा सिमेंट-रेती पुरवण्याचा धंदा आहे, आणि ऑफिसात सिमेंटपेक्षा हारतुरेच जास्त असतात. मी डोक्यात राख घालून घेतली होती. मी दारातूनच सुरू केलं, "काका, कोणी सांगितलं तुम्हाला सापडला म्हणून?"

"तूच बोललीस ना गो, परवानगी मिलाली."

"उघडायची मिळाली. आत काय आहे ते मला माहीत नाही."

काकांनी चष्मा काढला. "म्हंजे? तुना ठाव न्हाय?"

"नाही. जगात कुणालाच ठाऊक नाही."

"मंग चार वर्सं केलंस काय?"

या प्रश्नाचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी आवाज चढवून सगळं सांगितलं. नियम सांगितला, मेल वाचून दाखवली, पीएचडी जाईल ते सांगितलं. बोलता बोलता रडायलाच आलं. काका ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"माज्यामुले जाईल तुजा सगला?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"जाऊ शकेल."

ते उठले. माणसं बोलावली नाहीत, कुणाला फोन केला नाही. स्वतः शिडी घेऊन नाक्यावर गेले, भर दुपारी रिक्षावाल्यांच्या देखत वर चढले आणि पकडीने तारा तोडल्या. फ्लेक्स उतरवणं आमच्याकडे अपशकुन समजतात. माझ्या आठवणीत तरी काकांनी लावलेला फ्लेक्स फक्त पावसानेच उतरवला होता. खाली आल्यावर घाम पुसत ते म्हणाले, "मना त्या बाईशी बोलू दे."

मी नाही म्हणाले. सरांना सांगितलं तेव्हा मात्र ते विचार करून म्हणाले, "येऊ दे त्यांना. खरं सांगणारा माणूस खरंच दिसतो."

बुधवारी संध्याकाळी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्याशेजारी जेवणाच्या टेबलाशी बसले. पडद्यावर समन्वयक बाई, परीक्षक मंडळी, सर. आधी नोंदी तपासल्या गेल्या. त्या फाइली कुणी कधी उघडल्या याची नोंद यंत्रणेत राहते, आणि डबा कुणीही उघडलेला नव्हता. बाईंनी ते मान्य केलं. पण मग त्या म्हणाल्या, की नोंदींना चुकवण्याचे मार्ग असतात, आणि आपल्याला एवढंच कळत नाही, काहीच माहीत नसताना घरचा माणूस शोध लागल्याचं जाहीर का करेल?

प्रश्न रास्त होता. मी काकांना मराठीत सांगितला. काकांनी घसा खाकरला.

"मॅडम, आय डोन्ट नो हिग्ज," ते म्हणाले. "आय प्रिंट फर्स्ट. ऑल्वेज फर्स्ट."

आणि त्यांनी मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरला. एकेक फ्लेक्स सरकवत गेले, आणि मी इंग्रजीत सांगत गेले. हे भाच्याचं बारावीच्या घवघवीत यशाबद्दल अभिनंदन, तो त्या वर्षी गणितात नापास झाला. हे पादचारी पुलाबद्दल आभार, पूल अजून नाही. हे काकांना भावी नगरसेवक म्हणून वाढदिवसाच्या शुभेच्छा, तिकीट दुसऱ्यालाच मिळालं. हा वरसाव्याच्या आत्याला मुलगा झाल्याचा आनंदसोहळा, मुलगी झाली, आता ती कॉलेजात आहे. काका अगदी गंभीरपणे पुढचा पुढचा दाखवत होते. पडद्यावर एक परीक्षक आधी खोकला, मग त्याने कॅमेरा बंद केला. बाईंनी ओठ घट्ट मिटून धरले होते.

"पण या वेळी का छापलंत?" त्यांनी शेवटी विचारलं.

काका मराठीतच बोलले. "आमची पोर बोलली, परवानगी मिलाली. मी बोललो, मंग झालाच. ती हात घालते त्या कामात कंदी फसलेली न्हाय. आमाला त्यातला काय कलत न्हाय, पन पोर कलते."

मला हे इंग्रजीत सांगायचं होतं. पहिलं वाक्य सांगून मी अडकले. सरांनी पुढचं भाषांतर केलं. ते मूळचे कोल्हापूरचे, पण काकांचं बोलणं त्यांनी बरोबर पोचवलं. बाई समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत म्हणाल्या, उद्या डबा उघडू.

गुरुवारी संध्याकाळी ऑनलाइन बैठकीला इतके लोक आले होते की चौकटींची पानंच्या पानं भरली. मी लॅपटॉप आतल्या खोलीत नेला होता, दाराबाहेर हॉलमध्ये आई, बाबा आणि काका टीव्ही बंद करून बसले होते. मी आज्ञा टाइप केली, या वेळी पूर्ण, आणि बोट टेकवलं.

आलेख आला. माझा हिशोब म्हणजे रंगीत पट्टा, प्रत्यक्ष टकरी म्हणजे काळे ठिपके. डोळे आधी त्याच जागी गेले, उंचवट्याच्या. तिथे काही नव्हतं. सपाट. खरं सांगते, क्षणभर वाईट वाटलं. माणूसच आहे मी, मलाही सापडायला हवाच होता. मग नजर बाजूला सरकली, आणि मी बघतच राहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठिपके पट्ट्यावर बसले होते. कुठे जरा वर, कुठे जरा खाली, जेवढं असावं तेवढंच. खोट्या टाऊंचा हिशोब, ज्यावर वर्षभर परीक्षकांनी मला सोलून काढलं होतं, तो तंतोतंत उतरला होता. न बघता केलेला, आणि बरोबर. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो कण सापडल्यावर याहून जास्त झाला असता असं मला वाटत नाही. मी टेबलाखाली पाय आपटत होते.

काही वेळाने आकडे पक्के झाले. तो उंचवटा योगायोग होता. त्या सिद्धांतांनी सांगितलेलं ते भावंड तिथे नाही, आणि तिथून पुढे बऱ्याच जडपणापर्यंतही नाही. इतक्या लांबवर इतक्या खात्रीने 'नाही' तोवर कुणी म्हटलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "सुंदर काम." मग त्यांनी पुढे जोडलं, "आणि एक गोष्ट माझ्यापुरती स्पष्ट झाली. जिने हे आधी पाहिलं असेल, ती तो फलक लावू देणार नाही." सगळ्या चौकटी हसल्या. सर हात वर करून टाळ्या वाजवत होते. काकांच्या फ्लेक्सने मला जवळजवळ बुडवलं होतं, आणि त्याच फ्लेक्सने, खोटा ठरून, मला काठावर आणलं.

मी दार उघडून हॉलमध्ये आले. तिघंही उभे राहिले.

"मिलाला?" काकांनी विचारलं.

"सांगता येत नाही. जाहीर होईपर्यंत तोंडाला कुलूप."

"पन तू हसतंस," आई म्हणाली.

"हसायला परवानगी आहे."

मग कित्येक महिने गेले. निकाल पुन्हा पुन्हा तपासला गेला. नाक्यावर दूध आणायला गेलं की शेठ विचारायचे, "बेटा, वो दूसरे का क्या हुआ?" मी म्हणायचे, "पता चलेगा, अंकल." काकांनी या काळात माझ्याबद्दल काहीही छापलं नाही. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वात मोठा त्याग असावा. एकदा तर फ्लेक्सवाला स्वतः घरी येऊन तब्येत विचारून गेला.

शेवटी एका परिषदेत निकाल जाहीर झाला, आणि तो मी मांडला. परदेशातल्या त्या सभागृहात मागच्या रांगेतले लोकही उभे राहून टाळ्या वाजवत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी उंची वाढल्यासारखी वाटली. घरी आले तर काका गावदेवीच्या देवळाजवळचा हॉल ठरवून बसलेले. सत्कार.

"काका, सापडला नाही," मी म्हणाले. "आता तरी कळलं ना?"

"कलला. तरी सत्कार हाय."

रविवारी हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या. मला शाल, नारळ, भलामोठा हार. मी माइकवर उभी राहिले आणि सरळच सांगितलं, "दुसरा हिग्ज सापडला नाही. मी चार वर्षं शोधलं, आणि तो तिथे नाही. हे मी खात्रीने सांगू शकते, आणि हे सांगता येणं हीच माझी कमाई आहे." आमच्या गावात माइकवरून आजवर सगळं होणारच होतं, झालेलंच होतं. 'नाही' असं कुणी म्हटलेलं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

वरसाव्याची आत्या पुढच्या रांगेतून म्हणाली, "मंग सत्कार कशाचा गो?"

मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा उठले. बाबा कधी माइकवर बोलत नाहीत. माझ्या बहिणीच्या लग्नातही बोलले नव्हते. ते आले, माइक हातात घेतला, आणि तो चालू आहे की नाही हे न बघताच बोलायला लागले.

"चार वर्सं डबा आमच्या घरात व्हता," ते म्हणाले. "जेवनाच्या टेबलावर. येक बोट लावला असता तं उगडला असता. कोनी बघाला नसता. हिनं उगडला न्हाय."

एवढं बोलून त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि ते जागेवर जाऊन बसले. टाळ्या आधी आत्याने वाजवायला सुरुवात केली.